जेवणाच्या टेबलावरचं स्टिअरिंग

त्या सगळ्या भागात त्यांना ब्रेकबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे त्यांना दुसरं नावच नव्हतं. सत्तावीस वर्षं त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, एक क्लच असतो. वेग द्यायचं पॅडल मात्र नसतं. म्हणजे गाडीतलं फक्त थांबणं बाईंच्या वाट्याला आलं होतं आणि ते त्या जीव ओतून करत. शिकणाऱ्याला समोरचा सायकलवाला दिसायच्या आधी बाईंना दिसलेला असे, आणि शिकणाऱ्याने घाबरायच्या आधी बाईंचा पाय खाली गेलेला असे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस कुठेही ओळखू येई. रस्त्यात लांबवर काही हललं, की तो मान आखडून, दात आवळून, गचका बसायची वाट बघत राही.

त्यांचे यजमान शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना ‘मास्तर’ म्हणे. शिकवायचं बाईंनी आणि मास्तर म्हणायचं नवऱ्याला, हे बाईंना पहिल्यापासून खुपत होतं. पण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या दर दोन-तीन दिवसांनी बोलून दाखवत.

मास्तरांना गाडी येत नसे. बाईंनी शिकवणी सुरू केली तेव्हा पहिला विद्यार्थी म्हणून त्यांनी नवऱ्यालाच बसवलं होतं. तीन दिवस शिकवणी चालली. चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांनी किल्ली बाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “हे बघ, एक तर मी गाडी शिकेन, नाहीतर आपण संसार करू. दोन्ही एकदम जमायचं नाही.” मग त्यांनी संसार केला आणि तो चांगला झाला. कुठे जायचं झालं की मास्तर मुकाट्याने मागच्या सीटवर बसत आणि खिडकीतून लोकांच्या कपड्यांची शिवण बघत.

असं सगळं सुरळीत चालू असताना एका शनिवारी सकाळी मुलीचा फोन आला.

“आई, आमच्या घरात एक तर ते चाक राहील, नाहीतर मी राहीन.”

“कसलं चाक?”

“ह्याचं! कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचं. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. मी त्याला सरळ विचारलं, मी की चाक?”

“मग काय म्हणाले जावईबापू?”

“विचार करून सांगतो म्हणाला!”

बाई काही बोलणार तोच बाहेर गाडीचं दार वाजलं. जावईबापू विचार करूनच आले होते. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं काम, म्हणून स्वतःच्या तोंडातून शब्द कमी. एक खोकं, दुसरं खोकं, कॉम्प्युटर, हातभर रुंद पडदा असं सगळं त्यांनी एकेक करून आत आणलं आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, “आई, थोडे दिवस इथे ठेवलं तर चालेल का?”

जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. “घर तुमचंच आहे,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पाच मिनिटांत घर खरोखरच त्यांचं झालं.

कारण नुसतं ठेवून भागेना. खोक्यात ठेवलं तर पॅडलची स्प्रिंग जाम होते, म्हणे. मग ते जेवणाच्या टेबलाला लावायचं ठरलं. स्टिअरिंगच्या खाली दोन शिकंजे होते; ते टेबलाच्या कडेला आवळायचे. टेबलाची कड गोल, जाडजूड. शिकंजा बसायचा आणि निसटायचा. जावईबापू टेबलाखाली उताणे झोपून, दाढ काढताना लावतात तसा जोर लावत होते. शेवटी मास्तर उठले, दुकानातून जीन्सच्या जाड कापडाच्या चार पट्ट्या घेऊन आले, त्यांच्या घड्या घालून कडेला लावल्या, आणि शिकंजा गच्च बसला. पॅडलचं तसंच. गुळगुळीत फरशीवर ती पाटी पाय लावला की पुढे पळायची. तिच्यामागे भिंतीपर्यंत मास्तरांची कोळशाची जुनी इस्त्री आडवी लावली. आजेसासूबाईंच्या काळापासून ती इस्त्री निव्वळ वजनाच्या जोरावर घरात टिकून होती.

मग जावईबापूंनी बटण दाबलं. त्याबरोबर स्टिअरिंग कुणी हात न लावता सर्रकन डावीकडे फिरलं, मग सर्रकन उजवीकडे फिरलं, आणि मधोमध येऊन थांबलं. बाईंचा पाय टेबलाखाली फरशीवर आदळला. चप्पल फटकन वाजली.

“काही नाही आई, ते स्वतःचं माप घेतंय. किती फिरायचं ते.”

“कोणी सांगितल्याशिवाय फिरलं ते,” बाई म्हणाल्या. “असल्या गाडीला मी रस्त्यावर येऊ दिलं नसतं.”

पण गाडी म्हटल्यावर आणि समोर दोन माणसं बघत असल्यावर बाई मागे राहणं शक्य नव्हतं. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे-मागे करून नीट केली, पाठ टेकवली, आणि सवयीने हात वर नेऊन आरसा सरळ करायला गेल्या. तिथे पंख्याचा वारा होता. सीटबेल्टसाठी खांद्यामागे हात नेला. तिथे कपडे वाळत घातलेली दोरी होती. मास्तरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पडद्यावर रस्ता, पुढे-मागे वीस गाड्या. दिवे लागले, विझले. एकोणीस गाड्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या सुटल्या. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुणी येत नाही याची खात्री केली आणि गाडी हळूच काढली.

“आई, शर्यत आहे.”

“पहिलं वळण दिसतंय समोर. वळणावर वीसचा वेग.”

“इथे एकशे चाळीसने घेतात.”

“घेत असतील. नंतर तुमच्याकडे दात बसवायला येत असतील.”

जावईबापूंनी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. पण शेजारी नवरा बसला होता आणि तो काही बोलत नव्हता. बाईंना जगात कशाचा राग येत असेल, तर मास्तरांच्या न बोलण्याचा. दुसऱ्या फेरीत त्यांनी पाय दाबला. गाडी ओरडत निघाली, वळण अंगावर आलं, आणि सत्तावीस वर्षांच्या इमानाने बाईंचा उजवा पाय ब्रेकवर धाडकन पडला. चारही चाकं जाम. गाडी भिंगरीसारखी फिरली. टेबलावरचं स्टिअरिंग बाईंच्या हातांना हिसडा देऊन उलट्या दिशेला गेलं. बांगड्या वाजल्या, टेबल दोन वीत सरकलं आणि कडेचा पाण्याचा तांब्या जावईबापूंच्या मांडीवर पालथा झाला. पडद्यावर लाल अक्षरात आलं: ‘चुकीची दिशा’.

“ही गाडीच बिघडलेली आहे,” बाई मनगट चोळत म्हणाल्या. “स्टिअरिंग हातात राहत नाही, ब्रेक लागत नाही, बुडाखाली काही कळत नाही.”

“असेल,” मास्तर म्हणाले. “नाचता येईना...”

“काय?”

“काही नाही. अंगण वाकडं असेल म्हटलं.”

बाईंनी खुर्ची सोडली. “या ना. या! सरळ अंगणात नाचून दाखवा.”

आता माघार घ्यायची सोय उरली नाही. मास्तर बसले. पहिलं काम त्यांनी काय केलं, तर चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या. मशीनवर बसताना ते अनवाणीच बसत. मग त्यांनी जावईबापूंना विचारलं, “हे चाक हाताला फार ओढतंय. कमी होतं का?” जावईबापूंनी हिसड्याचा जोर निम्म्यावर आणला. “आणि हे एवढं गरगर फिरवायला लागतं ते?” तेही कमी केलं. “पडदा जरा पुढे घ्या. कापड लांब धरून शिवता येत नाही.” पडदा पुढे आला. मास्तरांनी अंगठ्याने दोन्ही पॅडल दाबून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली, एखाद्या नव्या मशीनची करावी तशी त्यांनी त्या पॅडलांची ओळख करून घेतली. बाई खुर्चीमागे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

पहिल्या वळणावर मास्तर गवतात गेले. बाईंच्या जिवाला बरं वाटलं. दुसऱ्यावरही गेले. तिसऱ्यापासून मात्र काहीतरी बदललं. गाडी वळणाच्या आधी दबे, आत शिरताना हळूहळू मोकळी होई, आणि बाहेर पडताना एका लयीत आवाज चढत जाई. पाचव्या फेरीला जावईबापूंनी ओली पँट विसरून खुर्ची ओढून घेतली.

“बाबा, ब्रेक असा हळूहळू सोडायला मला एक वर्ष लागलं. तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? बाहीचा मुंढा शिवताना असंच करतात. गोलाईला पोचायच्या आधी मशीन हळू, गोलाईत पाय अगदी उचलत न्यायचा, सरळ शिवण आली की सोडायचं. एकदम थांबवलं तर सुई मोडते, एकदम सोडलं तर चुणी पडते.”

“आणि नजर?”

“सुईकडे कधी बघायचं नाही. सुई तिचं काम करते. शिवण पुढे जिथे जायची तिथे बघायचं.”

जावईबापूंनी सासऱ्यांकडे असं पाहिलं, जसं लग्नात पाहायला हवं होतं आणि पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून घराची घडी बिघडली. मास्तर एक पँट शिवत आणि दहा फेऱ्या मारत. गिऱ्हाईक आलं तर आतून इंजिनाचा आवाज येई आणि मग कपाळावर चष्मा चढवलेले मास्तर बाहेर येऊन विचारत, “कंबर किती ठेवू? एक मिनिट बत्तीस झाली आज.” गिऱ्हाईक घाबरून म्हणे, “छत्तीसच असू द्या.” जेवण टेबलावरून हललं ते ओट्याशेजारच्या स्टुलावर गेलं. बाईंना स्वतःच्या घरात भाकरी उभ्याने खायची वेळ आली.

त्यांचं दुखणं मात्र जेवणाचं नव्हतं. मास्तर मापं घ्यायला बाहेर पडले की त्या दाराला कडी लावून गुपचूप स्टिअरिंगवर बसत. चोवीस वेळा बसल्या. चोवीसही वेळा त्यांचा पाय ब्रेकवर पडला आणि गाडी भिंगरी झाली. एकदा तर त्या उभ्या गाडीतच ब्रेक दाबून बसल्या होत्या आणि पडदा त्यांना वेग वाढवा, वेग वाढवा असं विनवत होता. ज्या बाईने अडीच हजार माणसांना परवाने मिळवून दिले, तिला स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर एक वळण घेता येऊ नये! हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या मनातल्या मनात मास्तरांना पाण्यात पाहू लागल्या.

अशात जावईबापूंचा फोन आला. दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांची मित्रमंडळी आपापल्या घरून एकत्र शर्यत लावत. बाराजण. त्यातल्या एकाचा हात मोडला होता. “खेळात नाही, जिन्यावरून पडून,” जावईबापूंनी खुलासा केला. त्याच्या जागी बाबा बसतील का? जावईबापू स्वतः दवाखान्यात बरोबर काम करणाऱ्या मित्राच्या घरून, त्याच्या जादा चाकावर खेळणार होते.

“मी काय म्हाताऱ्याने तरण्या पोरांत...” मास्तर म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं, “किती फेऱ्या?”

वीस फेऱ्या. नाव काय लावायचं, म्हणून विचारलं, तर मास्तरांनी ‘मास्तर’ असंच लावलं. रविवारी साडेतीनलाच ते पाय धुऊन खुर्चीत बसले. फोन टेबलावर उभा केला होता. त्यातून बाकी अकरा जणांचं बोलणं ऐकू येई, आणि मध्येच मुलीचंही, कारण ती नवऱ्यावर लक्ष ठेवायला मित्राच्या घरी गेली होती.

बाई शेजारी स्टुलावर बसल्या. त्यांच्याकडे काम दिलं होतं ते पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचायचं: पेट्रोल किती, मागची गाडी किती जवळ. त्या आकडे वाचत होत्या, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा पाय फरशीवर आपटत होता.

“अगं, पाय नको आपटू. मला वाटतं चाक पंक्चर झालं.”

“मी मुद्दाम आपटत नाही!”

दहाव्या फेरीपर्यंत मास्तर सहावे होते. तरणी पोरं एकमेकांना धडका देत गवतात जात आणि मास्तर त्यांच्या बाजूने, ‘जाऊ का पुढे?’ असं स्वतःशीच विचारत निघून जात. बाराव्याला ते पाचवे झाले. समोर चौथे जावईबापू.

आणि तेराव्या फेरीला टेबलाखाली खर्र असा आवाज झाला. इस्त्री तिरकी होऊन बाजूला सटकली होती. मास्तरांनी ब्रेक दाबला तशी पॅडलची पाटीच पाय घेऊन पुढे निघाली. मास्तर खुर्चीतून अर्धे खाली घसरले; हनुवटी टेबलाच्या पातळीला आली, तरी हात स्टिअरिंगवर.

“पाटी! पाटी पळाली!”

बाईंनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. इस्त्री नीट लावायला वेळ नव्हता. पदर खोचून त्या टेबलाखाली शिरल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या, आणि दोन्ही पायांनी पाटी मागून रेटून धरली. पाटी जागच्या जागी घट्ट बसली. सत्तावीस वर्षं कसलेले पाय. त्यांच्यापुढे पाटीची काय बिशाद.

पण तिथून पडदा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त मास्तरांचे पाय.

बाईंनी आयुष्यात हजारो पाय पाहिले होते, थरथरणारे, घाईचे, चुकीच्या पॅडलवर जाणारे. हे पाय त्या तीस वर्षं रोज बघत होत्या आणि कधी पाहिले नव्हते. डाव्या पायाचा अंगठा ब्रेकवर टेकायचा, दाबायचा, आणि मग झोपलेल्या मुलावरची चादर काढावी इतक्या हळू वर यायचा. उजवा त्याच हिशेबाने खाली जायचा. पायाच्या नसा तेवढ्या हलत. वरून आवाज येत होते, टायर किंचाळत होते, फोनमधली पोरं ओरडत होती, आणि खाली हे दोन पाय मुंढा शिवत होते.

“आता दाबा,” बाई सवयीने म्हणाल्या. “दाबा! अहो, वळण आलं असेल!”

“गप्प बस गं जरा,” मास्तर म्हणाले.

तीस वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी काहीतरी सणसणीत बोलायची तयारी केली. पण पाटी सोडता येत नव्हती आणि पाटी धरून भांडण रंगत नाही. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्यावर ते पाय जसे होते तसेच चालत राहिले. बाईंच्या मनात आलं, त्या तीन दिवसांत मी ह्यांना एक तरी वळण पुरतं घेऊ दिलं होतं का? त्यांनी आठवून पाहिलं. पहिल्या दिवशीचं पिठाच्या गिरणीजवळचं वळण. मी दाबला. शाळेच्या भिंतीपाशी? मी दाबला. ह्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचायचा तेव्हा तो ब्रेक आधीच तळाला गेलेला असायचा. माणूस गाडी चालवू शकत नाही हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त स्वतःचा पाय पाहिला होता.

“शेवटची फेरी,” वरून मास्तरांचा आवाज आला. “अगं, ऐकतेस का? एकजण फिरला गवतात. मी चौथा आहे. पुढे जावईबापू, ते तिसरे. आतल्या बाजूला जागा सोडतायत ते प्रत्येक वळणाला.”

“मग?”

“मग काय? जावई आहेत. त्यांचं चाक, त्यांचा कॉम्प्युटर. त्यांना कसं मागे टाकायचं? बरं दिसतं का?”

बाई टेबलाखालून ओरडल्या, “टेबल आपलं आहे! घाला पुढे!”

फोनमधून मुलीचा आवाज आला, “घाला बाबा! मी बघतेय, घाला!”

“अगं, तू कोणाच्या बाजूने?” हा जावईबापूंचा आवाज, कळवळून.

शेवटच्या वळणावर डावा अंगठा दबला, उशिरा दबला. बाईंना तो उशीर पाटीतून तळपायाला कळला. पायांत रग होती, ब्रेक तिथेच होता, एक पाय पुढे नेऊन टाचेने आपल्याकडे ओढला असता तर लागला असता. त्यांनी डोळे मिटले आणि पाय हलवला नाही. अंगठा हळूहळू वर आला. उजवा पाय तळाला गेला. वर काहीतरी मोठा गलका झाला.

“काय झालं? अहो, काय झालं?”

“तिसरा,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंगवरचे हात सदऱ्याला पुसले.

फोनमधून जावईबापू म्हणाले, “बाबा, तुम्ही आतून घातलीत.”

“दार उघडं होतं, जावईबापू. ठोठावलं नाही, चुकलं.”

बाईंना टेबलाखालून बाहेर काढायला दहा मिनिटं लागली. गुडघे धरले होते, एका पायाला मुंग्या आल्या होत्या. मास्तरांनी हात दिला. उभं राहिल्यावर बाईंनी साडी झटकली आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “उद्या सहा वाजता तयार राहा. मोकळ्या मैदानावर जायचंय.”

“कशाला?”

“खरी गाडी चालवायला. आणि पुन्हा गप्प बस म्हणालात तर चालत घरी यावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या गाडीत मास्तर इतक्या वर्षांनी पुन्हा उजव्या बाजूला, चालवायला बसले. चपला काढून नीट जोडून ठेवू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, “ब्रेकखाली नको, मागे ठेवा.” मग एक अडचण निघाली. टेबलावरच्या गाडीला दोन पॅडल होती. हिला तीन. क्लच नावाच्या प्रकाराशी मास्तरांचा परिचय तीन दिवसांचा आणि तोही वाईट. गाडी शेळीसारखी उड्या मारत दहा पावलं गेली आणि बंद पडली. पुन्हा उड्या, पुन्हा बंद. अकरा वेळा. कॉम्प्युटरवर एक मिनिट बत्तीसने फिरणाऱ्या माणसाला मैदानाचा पहिला खांब गाठायला पाऊण तास लागला.

बाई काही बोलल्या नाहीत. पाय आखडून घेतले होते. न बोलण्याने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाराव्या वेळी गाडी निघाली ती निघालीच. दुसरा गिअर पडला. मास्तर लांब बघत होते, शिवण जिथे जायची तिथे. मैदानाच्या टोकाला त्यांनी वळण घेतलं, पुरतं घेतलं, आणि एवढ्यात झाडामागून एक कुत्रं आडवं आलं. गाडी गचकन थांबली. कुत्र्याने दोघांकडे रागाने पाहिलं आणि ते निघून गेलं.

“तू दाबलास?” मास्तरांनी विचारलं.

“हो, मी दाबला,” बाई म्हणाल्या. “कुत्रं होतं.”

“बरं केलंस. मला दिसलंच नव्हतं.”

एवढं झाल्यावर दोघांनाही हायसं वाटलं. महिनाभर ते रोज सकाळी मैदानावर गेले. बाईंनी त्या महिन्यात ब्रेक किती वेळा दाबला ते त्यांनाच माहीत, पण आधीपेक्षा नक्कीच कमी. दुपारी त्या टेबलावरच्या स्टिअरिंगवरही बसत, आता दाराला कडी न लावता. मास्तर मागून “पाय उचल, अगं, उचलत ने” म्हणत, आणि एखाद्या दिवशी एखादं वळण गाडी भिंगरी न होता पार पडे. तशा दिवशी त्या दोघांचं जेवण ओट्यापाशी उभ्यानेच, पण रंगून होई.

परवान्याच्या परीक्षेला मास्तर स्वतः शिवलेला नवा सदरा घालून गेले. बाई लांब बाकावर बसल्या. गाडीत मास्तरांच्या शेजारी तपासनीस, हातात फळी आणि पेन. गाडी गेली, फिरली, परत आली. मास्तर उतरले ते हसत उतरले. तपासनीस उतरला तो दरवाज्याला धरून.

कागदावर शेरा होता: ‘नापास. उमेदवार प्रत्येक वळण आतल्या कडेने कापतो.’

“वाचलंस?” मास्तर म्हणाले. “कापतो म्हणे. चाळीस वर्षं कापतोय, आजवर कुणाची तक्रार नव्हती.”

बाईंनी कागद पुन्हा वाचला. त्यांचे विद्यार्थी आजवर बरेच नापास झाले होते. गाडी बंद पडून, चढावर मागे घसरून, भीतीने रडू येऊन. तपासनीसालाच घाम फोडून नापास झालेला हा पहिलाच. त्यांना हसू आवरेना. बाकावर बसून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आजूबाजूला त्यांचे जुने विद्यार्थी मुलांना परीक्षेला घेऊन आले होते; ब्रेकबाई हसताना त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे काहीजण सवयीने मान आखडून उभे राहिले.

मग बाईंनी डोळे पुसले, मास्तरांना तिथेच बसवलं आणि पुढची तारीख घ्यायला खिडकीवर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.